कानाचं मशीन: आठ महिने वापरल्यानंतर

साहेब म्हणाले होते, "साठ दिवसांची मुदत." मी लिहून घेतलं, "आठ दिवसांची मुदत." एकतीस वर्षं मी लघुलेखिका म्हणून डिक्टेशन घेतलं, मिनिटाला १२० शब्दांपर्यंत, आणि त्या दिवशी एक 'स' माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही. चूक मसुदा वाचतानाच पकडली गेली, कोणाचं नुकसान झालं नाही. पण ज्या कानांवर माझी सगळी नोकरी उभी होती, ते पहिल्यासारखे राहिले नाहीत हे मला तेव्हा कळलं. तरी मशीन घ्यायला मी त्यानंतर सहा वर्षं लावली. त्या सहा वर्षांत घरातली किती बोलणी माझ्या शेजारून निघून गेली याचा हिशोब लागणार नाही. कोणी आज त्या उंबरठ्यावर असेल तर त्याने इतका वेळ लावू नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एकच मॉडेल दोन माणसांच्या कानांत दोन निराळी मशीनं होऊन बसतं, कारण ते ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे लावलेलं असतं. माझं मशीन कानामागे बसणारं आहे. तिथून एक बारीक तार कानाच्या नळीत जाते आणि तिच्या टोकाला छोटा स्पीकर असतो. रात्री डबीत ठेवून चार्ज करायचं. दोन्ही कानांना एकेक आहे, आणि एकाच कानाला घेऊन बघू असा विचार कोणी करत असेल तर त्याबद्दल पुढे सांगते.

मशीनबद्दल विचारताना लोक पहिला प्रश्न विचारतात, "आवाज मोठा येतो का?" येतो. पण मोठा आवाज हे माझं दुखणं कधीच नव्हतं. मला लोक बोलताहेत हे ऐकू येत होतं, काय बोलताहेत ते कळत नव्हतं. घरातले म्हणायचे, "हिला हळू बोललेलं बरोबर ऐकू येतं, मोठ्याने सांगितलं की नाही." त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. त्याचं कारण मला तपासणीच्या खोलीत समजलं.

त्या बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसवतात, बारीकशी शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मग एक आलेख तयार होतो, ऑडिओग्राम. डाव्या बाजूला खर्जाचे आवाज, उजवीकडे तार पट्टीचे; ही पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात. खूण जितकी खाली, तितका आवाज मोठा केल्यावरच तो ऐकू आला, आणि तो मोठेपणा डेसिबलमध्ये. उजव्या कानाच्या खुणा लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. माझी रेघ ५०० हर्ट्झपर्यंत जवळजवळ सरळ होती, वीस डेसिबलच्या आसपास, म्हणजे चांगली. दोन हजारांच्या पुढे ती कड्यावरून उतरावी तशी खाली गेली होती आणि चार हजारांवर ६५ डेसिबलला टेकली होती. साधं बोलणं एक मीटरवरून साधारण ६० डेसिबलचं असतं. त्या कड्याच्या खाली जे जे होतं, ते माझ्या जगातून गेलेलं होतं.

काय गेलं होतं? स्वरांची बहुतेक ताकद हजार हर्ट्झच्या खाली असते. 'आ', 'ओ', 'ऊ' यांना काही झालं नव्हतं. 'स'ची सळसळ मात्र चार हजारांच्या वर असते. 'साठ'मधून 'स' काढला की 'आठ' उरतो, आणि मी तोच लिहिला होता.

कान तपासणारी ऑडिओलॉजिस्ट मुलगी वयाने माझ्या मुलीपेक्षाही लहान, पण तिने मला घाई न करता समजावलं. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, कॉक्लिया. तिच्या तोंडाशी तार पट्टीचे आवाज ओळखले जातात आणि आत टोकाशी खर्जाचे. ध्वनीची लाट त्या नळीतून कशी जाते हे शोधून काढल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ सालचं नोबेल मिळालं होतं. आवाज मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्या मुख्य केसपेशी एका कानात साडेतीन हजारांच्या आसपासच असतात. माणसाच्या कानात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि वयानुसार तोंडाजवळच्या आधी जातात. मोठ्याने ओरडून सांगितलं की स्वर मोठे होतात आणि उरलीसुरली व्यंजनं त्यांच्याखाली दबतात. शिवाय उरलेल्या पेशींना मोठा आवाज चटकन असह्य होतो. म्हणून हळू, स्पष्ट बोललेलं मला जास्त कळायचं. सहा वर्षं घरात ज्याला माझा हट्ट समजलं जात होतं, त्याचं उत्तर त्या एका कागदावर होतं. मी तो कागद घरी सगळ्यांना दाखवला.

ज्यांनी लघुलेखन केलं आहे त्यांना पुढची गोष्ट लगेच पटेल. पिटमनची पद्धत १८३७ पासून चालत आली आहे. तिच्यात व्यंजन म्हणजे रेघ. 'प' तिरकी, 'ट' उभी, 'क' आडवी. हीच रेघ जाड काढली की 'प'चा 'ब' होतो, 'ट'चा 'ड', 'क'चा 'ग'. म्हणजे तोंडात आवाज कुठे अडला ते रेघेची दिशा सांगते आणि कंठ थरथरला की नाही ते रेघेची जाडी सांगते. स्वर म्हणजे नुसते ठिपके आणि छोट्या दांड्या, वेग वाढला की आपण ते गाळतोच. व्यंजनांचा सांगाडा हाती असला की स्वर मनाने भरता येतात. माझी हजारो पानं अशी बिनस्वरांची आहेत आणि मी ती आजही वाचू शकते.

माझ्या कानाने नेमकं याच्या उलट केलं होतं. स्वर ठेवले आणि सांगाडा नेला. तोही अर्धाच नेला, हे मला नंतर उमगलं. 'काठ' आणि 'गाठ' यांतला फरक मला कळायचा, कारण कंठाची थरथर खालच्या पट्टीत असते. पण 'पाठ', 'ताठ', 'काठ' हे तिन्ही एकच शब्द झाले होते. मला रेघेची जाडी ऐकू येत होती, दिशा ऐकू येत नव्हती. मशीन विकणाऱ्या कुठल्याही पत्रकात हे असं लिहिलेलं नसतं, आणि असायला हवं.

आता मशीन. पहिले चार दिवस अवघड गेले. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं वाटे. नळ, पंखा, चपलेचा आवाज, स्वतःच्या केसांचा मशीनला लागून होणारा आवाज, सगळं एकदम पुढ्यात. सगळ्यात त्रास माझ्याच आवाजाचा झाला. हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा तो डोक्यात घुमायचा. कानाच्या नळीत काही बसवलं की आपल्या आवाजाचा खर्ज बाहेर निघून जायला वाट राहत नाही, म्हणून तो घुमतो. ऑडिओलॉजिस्ट मुलीने टोकाची रबरी टोपी बदलून छिद्रांची बसवली आणि घुमणं निम्म्याहून कमी झालं. बाकीचं तीन आठवड्यांत मेंदूने सोडून दिलं. पंख्याचा आवाज आता मी मुद्दाम लक्ष दिलं तरच येतो. मशीन तेच आहे, त्यातलं काय सोडून द्यायचं हे माझ्या डोक्याला पुन्हा शिकावं लागलं. म्हणून एक कळकळीची विनंती, पहिल्या आठवड्यात वैतागून मशीन कपाटात टाकू नका. रोज सबंध दिवस घाला. तासभर घालून काढून ठेवलं तर हे शिकणं होतच नाही.

पाचव्या दिवशी नातीचा 'श' ऐकू आला. ती पाच वर्षांची आहे, तिचा 'श' अजून 'स'कडे झुकतो. घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं, मला नव्हतं. 'सा' म्हणते की 'शा', हे ऐकायला मी तिच्याकडून 'शाळा' हा शब्द चार वेळा म्हणवून घेतला. पहिल्या दोन वेळा ती उत्साहाने म्हणाली, तिसऱ्या वेळी "आजी, तुला कळलं ना?" असं विचारून मग म्हणाली.

आता ज्या मापाने मी हे मशीन मोजलं ते सांगते. लोकांचं बोलणं थेट वहीत उतरवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला एक सवय आहे, मी नोंदी ठेवते. मशीन लावण्याआधीच्या आठवड्यात मी एक वही केली आणि संध्याकाळी दोन तासांत आपण समोरच्याला किती वेळा आणि कोणत्या शब्दांत परत विचारलं ते लघुलिपीत टिपत गेले. परत विचारण्याचे प्रकार असतात. नुसतं "काय?" म्हटलं की समोरच्याला सगळं वाक्य पुन्हा बोलावं लागतं. "कोण आलं होतं?" म्हटलं की बाकीचं कळलं, फक्त एक जागा रिकामी राहिली. "साठ म्हणालात ना?" असं विचारलं की समोरच्याने नुसतं "हो" म्हटलं तरी काम होतं.

मशीनआधीच्या आठवड्यात माझ्या वहीत जवळपास सगळे "काय?" होते, तेही थोडे. थोडे, कारण मी विचारणंच सोडून दिलं होतं. मान हलवायची, समोरचा हसला की हसायचं. दुसऱ्या महिन्यात परत विचारणं दुपटीने वाढलं. यांनी विचारलंही, "मशीन घेऊन तुझे प्रश्न वाढले कसे?" मी वही दाखवली. "काय?" कमी झाले होते आणि "कोण?", "कधी?", "साठ की आठ?" वाढले होते. माझ्यासाठी मशीन चालल्याचा हा पुरावा आहे. वाक्याचा सांगाडा इतका हाती आला होता की नेमकी कुठली रेघ सुटली ते मला समजत होतं.

नंतर मी याबद्दल वाचलं तेव्हा फार आधार वाटला. निरनिराळ्या भाषांतल्या रोजच्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्यांना असं आढळलं आहे की माणसं सरासरी दर दीड मिनिटाला, किंबहुना त्याहून थोडं आधीच, एकमेकांना असं काहीतरी परत विचारतात. चांगल्या कानांची माणसंसुद्धा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बारा भाषा होत्या, आणि सगळीकडे माणूस शक्य तितका नेमका प्रश्न निवडतो, म्हणजे समोरच्याचे कष्ट वाचतात. दोन वर्षं आधी त्यातल्याच काही संशोधकांनी दाखवलं होतं की "हां?" किंवा "अँ?" सारखा एक छोटा उद्गार एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांमध्येही जवळपास एकाच रूपात सापडतो. मी सहा वर्षं ज्याची लाज बाळगली ते परत विचारणं बोलण्याचाच एक भाग होतं. सुटलेला धागा दोघांनी मिळून जागच्या जागी जोडून घ्यायचा असतो. मी मान हलवून तो तसाच सोडत होते, आणि समोरच्याला वाटत होतं की आपलं सांगून झालं.

यंत्राकडून काय अपेक्षा ठेवावी हे कळायलाही मला थोडं वाचन उपयोगी पडलं. १९४८ साली अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचं गणित मांडलं. पाठवणारा, मधली वाट, वाटेतला गोंगाट, घेणारा. संदेशाच्या अर्थाचा या अभियांत्रिकी प्रश्नाशी संबंध नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं. कानाचं मशीन त्या वाटेवर काम करतं आणि चोख करतं. हळू आवाज जास्त वाढवतं, मोठा कमी वाढवतं, माझ्या कड्याच्या खाली गेलेल्या पट्ट्या वर उचलून देतं. त्याच शॅनननी हेही दाखवलं की भाषेत गरजेपेक्षा जास्तीचं बरंच असतं. इंग्रजी लिखाणात त्यांच्या अंदाजाने निम्म्याच्या आसपास. त्या जास्तीच्या जोरावर आम्ही लघुलेखक स्वर गाळू शकतो. आणि त्याच जोरावर अर्धवट ऐकू येणारं माणूस वर्षानुवर्षं वेळ मारून नेऊ शकतं.

रिचर्ड वॉरन यांनी १९७० साली एक प्रयोग केला होता. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दामधला 'स' कापून तिथे खोकल्याचा आवाज भरला. ऐकणाऱ्यांना शब्द पूर्णच ऐकू आला, खोकला नेमका कुठे होता हे त्यांना सांगता येईना. मेंदूने 'स' स्वतःच भरून टाकला होता. माझ्याही मेंदूने कित्येक वर्षं असे 'स' भरले असणार, म्हणून मला माझ्या कानांचा पत्ता उशिरा लागला. आकड्यांपाशी मात्र ही मदत संपते. मुदत साठ दिवसांची असू शकते आणि आठचीही, वाक्य दोन्ही बाजूंनी तितकंच बरोबर. तिथे मागचंपुढचं काहीच सांगत नाही.

आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राने, वाक्यातून अर्थ कळायला काय काय लागतं याची यादी केली आहे: आकांक्षा, योग्यता, सन्निधी आणि तात्पर्य. पदाला पुढच्या पदाची अपेक्षा हवी, पदं एकमेकांना जुळणारी हवीत, ती लागोपाठ यायला हवीत, आणि बोलणाऱ्याला काय म्हणायचं आहे ते कळायला हवं. शेवटच्याचं जुनं उदाहरण "सैंधव आण". सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडाही. जेवायला बसलेला माणूस म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. मशीनला यातलं तात्पर्य कधीच कळणार नाही. सन्निधी मात्र त्याने मला परत मिळवून दिली. पूर्वी शब्द माझ्यापर्यंत तुकड्यांनी यायचे, मधे भोकं पडलेली. आता ते लागोपाठ येतात.

लागोपाठ येण्याची किंमत काय असते, तर बोलण्यातली पाळी. २००९ च्या एका अभ्यासात दहा भाषांतले प्रश्न आणि उत्तरं मोजली गेली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास होतं. साधं चित्र बघून त्यातल्या वस्तूचं नाव उच्चारायला मात्र अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ असा की समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार ते ओळखतो आणि आपलं उत्तर जुळवायला घेतो. माझी सगळी शक्ती शब्द ओळखण्यात जात होती, उत्तर जुळवायला डोकं मोकळंच नसायचं. वाक्य उलगडलं तोवर बोलणं पुढे गेलेलं असायचं. चारचौघांत मी गप्प राहू लागले, आणि लोक म्हणू लागले की हिचा स्वभाव बदलला. माझा स्वभाव बदललेला नव्हता. मला पाळीच मिळत नव्हती. चौथ्या महिन्यात भावाच्या घरी सगळे जमले असताना मी एकाचं वाक्य संपता संपता बोलले आणि सगळे माझ्याकडे वळले. त्या क्षणासाठी मी या मशीनला पाचपैकी पाच तारे द्यायला तयार आहे.

एकूण मात्र पाच देणार नाही. त्याची कारणं आहेत.

गर्दी. मशीनच्या मोबाइल ॲपमध्ये गर्दीसाठी वेगळी सोय आहे. मशीनमधले दोन माइक समोरून येणारा आवाज उचलतात आणि मागचा दाबतात. समोर एकच माणूस असेल तर उपयोग होतो. पण टेबलाभोवती सहा जण असले आणि ज्याचं ऐकायचं तो डावीकडे बसला असला की मशीन भलत्याचंच ऐकवतं. मला कोणाचं ऐकायचं आहे हे त्याला कसं कळणार? कॉलिन चेरी यांनी १९५३ साली लोकांच्या दोन कानांत दोन निराळे मजकूर ऐकवले आणि एकच तोंडाने म्हणत जायला सांगितला. लोकांना ते जमलं, आणि दुसऱ्या कानातली भाषा मध्येच बदलली तरी अनेकांच्या ते ध्यानात आलं नाही. इतकी कडक निवड डोकं करतं. त्यासाठी त्याला दोन्ही कानांतून माल लागतो; आवाज कुठल्या कानात आधी पोहोचला, हा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा फरक ते वापरतं. पहिले तीन आठवडे मी एकच मशीन वापरून बघितलं होतं. आवाज यायचा, पण कुठून आला ते कळायचं नाही, आणि गर्दीत सगळ्यांचा मिळून एक गोळा व्हायचा. दुसरं आल्यावर माणसं पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसली. दोन्ही कान कमी असतील आणि शक्य असेल तर दोन्ही घ्या.

अंतर. याबद्दल कोणी आधी सांगत नाही. बोलणारा एका मीटरवरून दोन मीटरवर गेला की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो. बंद खोलीत त्यात भिंतींवरून परतणारा आवाजही मिसळतो. मशीन दोन्ही वाढवतं. दुसऱ्या खोलीतून मारलेली हाक मला आजही नुसती हाक म्हणून कळते, तिच्यातले शब्द कळत नाहीत. आमच्याकडे आता नियम झाला आहे, मला काही सांगायचं असेल तर आधी खोलीत यायचं.

आणि चेहरा दिसला पाहिजे. आवाजातून माझी रेघेची दिशा हरवली होती, आणि ती दिशा ओठांवर दिसते. 'पाठ' म्हणताना ओठ मिटतात, 'ताठ' आणि 'काठ' म्हणताना मिटत नाहीत. कानाने जाडी द्यायची आणि डोळ्याने दिशा, अशी वाटणी नकळत मी कधीचीच केली होती. चांगल्या कानांची माणसंही ती करतात. मॅकगर्क आणि मॅकडॉनल्ड यांनी १९७६ साली 'ब'चा आवाज आणि 'ग' म्हणणारा चेहरा एकत्र दाखवला, तेव्हा बहुतेक मोठ्या माणसांना 'द' ऐकू आला. डोळे मिटले की पुन्हा 'ब'. म्हणून मशीन लावलं तरी उजेड समोरच्याच्या तोंडावर पडेल अशा जागी मी बसते, आणि तोंडावर हात ठेवून बोलणाऱ्याला हात काढायची विनंती करते. कोणी आजवर वाईट वाटून घेतलेलं नाही.

फोन. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जातं, म्हणजे 'स'चा मोठा भाग वाटेतच गळतो. तिथे चांगल्या कानांनाही नाव सांगताना "सशातला स" असं म्हणावं लागतं. माझं मशीन मोबाइलला जोडता येतं आणि आवाज थेट दोन्ही कानांत येतो. यात बराच फरक पडला. तरी आकडे आले की मी एकेक अंक सुटा सांगायला लावते आणि परत म्हणून दाखवते. डिक्टेशनचीच रीत आहे ती. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो म्हणून मला तो साध्या फोनपेक्षा आवडतो, फक्त ओठ आणि आवाज मागेपुढे झाले की साधा फोन बरा.

छोट्या तक्रारी झटपट सांगते. कानाजवळ उशी आली किंवा कोणी मिठी मारली की शिट्टी वाजते, कारण स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो. स्पीकरच्या तोंडाशी मळ अडवणारी इवलीशी जाळी असते, ती तुंबली की मशीन बिघडलं असं वाटतं. आवाज अचानक बसला तर आधी जाळी बदला. जाळी बदलायचं काम माझ्या बोटांना अवघड जातं, मुलगी करून देते. वाऱ्यात फडफड ऐकू येते. ॲपमधली अक्षरं फार बारीक आहेत, आणि हे मशीन वापरणाऱ्यांचं वय लक्षात घेता ती चूक गंभीर आहे.

सगळ्यात मोठी तक्रार मशीनची नाही, लावून देण्याची आहे. पहिल्यांदा मी जिथे गेले तिथे दहा मिनिटांत मशीन कानात घालून "आता ऐकू येतंय ना?" असं विचारून पाठवणी झाली. महिनाभर मला वाटत राहिलं की मशीनच वाईट आहे. दुसऱ्या ठिकाणी त्या मुलीने कानाच्या नळीत पडद्याजवळपर्यंत एक बारीक मऊ नळी सरकवली, मशीन लावलं आणि माझ्या पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो ते पट्टीवार मोजलं. चार हजारांवर हवा त्यापेक्षा खूप कमी पोहोचत होता. तिने तो वाढवला. मशीन तेच, पण त्या दुपारी मला पहिल्यांदा घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मशीन घेताना हे मोजमाप करता का, एवढं एक आधी विचारा. करत नसतील तर दुसरीकडे जा.

आणि घरच्यांना सोबत न्या. तिने यांना माझ्यासमोर बसवून सांगितलं, "काका, ओरडू नका. आधी काकूंचं नाव घ्या, त्यांनी बघितलं की बोला. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने म्हणू नका, दुसऱ्या शब्दांत सांगा." हे शेवटचं फार मोलाचं आहे. 'काठावर ठेवलंय' तीनदा ऐकूनही कळलं नाही तर 'कडेला ठेवलंय' एकदाच पुरतं. यांना ही सवय लागायला मला मशीनची सवय लागण्यापेक्षा जास्त दिवस लागले. पण लागली.

रात्री मशीन डबीत जातं. अंधारात ओठ दिसत नाहीत, कान उघडे. लग्नाला अडतीस वर्षं झाली, आमचं निम्मं बोलणं दिवा घालवल्यावरचंच. सहा वर्षं ते जवळजवळ बंद पडलं होतं. आता हे माझ्या हातावर हात ठेवतात, मी त्यांच्याकडे कूस वळवते, आणि ते अगदी हळू, सुटे सुटे शब्द टाकत बोलतात. कळलं की मी त्यांचं बोट दाबते, नाही कळलं तर दोनदा दाबते. मग ते तेच दुसऱ्या शब्दांत सांगतात.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी आहे. वहीतून चुकलेल्या शब्दांची यादी काढून ठेवली आहे, शेजारी कोण बोलत होतं आणि किती अंतरावरून तेही लिहिलं आहे. 'साठ' आता सुटत नाही. 'पाठ' आणि 'ताठ' अजून कधीकधी गोंधळ करतात, तेवढं दोन ते तीन हजारांच्या मधलं थोडं उचलता येईल का, ते तिला विचारणार आहे.